हाताची लिपी, कानाची लिपी

गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली की जो स्वर निघतो तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही मिळतो. नाद मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा. पाश्चात्त्य पाच रेषांच्या लेखनात या चारही जागांना एकच चिन्ह आहे. कानाला काय ऐकू यावे ते हे लेखन सांगते. हाताने काय करावे ते सहसा सांगत नाही.

टॅब्लेचर ही हाताची लिपी. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्चीने स्पिनाचिनोची ल्यूटची पुस्तके छापली. त्यांत सहा रेषा म्हणजे तारा आणि आकडे म्हणजे पडदे. इटालियन रिवाजात सर्वांत वरची रेषा खर्जाची. १५३६ साली लुईस मिलानने व्हॅलेन्सियात तीच टिपेची केली. बोट कुठे ठेवायचे ते कळते. स्वर किती टिकवायचा, हे वादकाच्या समजुतीवर सोडलेले असते.

संगणकाने हा दुभंग मिटवला असे वाटेल, पण तसे झाले नाही. १९८३ साली आलेली मिडी मुळात कीबोर्डवाल्यांची भाषा आहे: पट्टी कोणती, किती जोराने दाबली, कधी सोडली. तिला तार ठाऊकच नाही. तार ओढून स्वर चढवणे, म्हणजे बेंड, तिच्यात ० ते १६३८३ या आकड्यांत मावतो; पण तो आकडा संपूर्ण चॅनेलला लागू होतो. दोन तारा एकत्र छेडून एकच ओढली, तर कागदावर दोन्ही ओढल्या जातात! म्हणून गिटारसाठी तारेगणिक एक असे सहा चॅनेल वापरण्याची युक्ती निघाली. प्रत्येक स्वराला स्वतंत्र बेंड मूळ प्रमाणातच येण्यासाठी २०२० साली मिडी २.० यावी लागली.

२००४ सालच्या म्युझिकएक्सएमएलने अधिक सुज्ञपणा दाखवला. त्यात एकाच स्वराच्या नोंदीत स्वरनाम येते, तार येते आणि पडदाही येतो; दोन्ही लिप्या शेजारी नांदतात. हॅमर-ऑन, पुल-ऑफ यांना आरंभ आणि अंत आहे. बेंड किती अर्धस्वरांचा, तार छेडण्याआधीच ओढलेली आहे का, नंतर सोडायची का, हे लिहिता येते. व्हायब्रेटोला मात्र वेगळा शब्द नाही. ट्रिलच्याच नागमोडी रेषेवर भागवावे लागते. ‘चंद्र’ आणि ‘चमचा’ यांतला च आपण एकाच अक्षराने लिहितो आणि सवयीने वेगळा वाचतो, तसेच हे. पण सवय नसलेल्या यंत्राने काय करावे?

भातखंड्यांच्या स्वरलेखनात मींड स्वरांवरच्या कमानीने दाखवतात. कुठून कुठे जायचे ते कमान सांगते. वाटेत किती रेंगाळायचे ते गुरूकडून शिकायचे. गिटारच्या छापील बेंडचा बाणही इतकाच अबोल आहे. गिटार प्रोसारख्या प्रणालीत बेंडची वक्ररेषाच बिंदू मांडून काढता येते, हे मला मोठे पाऊल वाटते. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेवटी बाणच येतो.

अशी नोंद साध्या मिडीत उतरवली की तार आणि पडदा सहसा गळतात. पुढे त्या मिडीवरून पुन्हा टॅब्लेचर करायचे झाले तर यंत्र जागा अंदाजाने ठरवते आणि चौथ्या तारेच्या चौदाव्या पडद्यावरचा तो भरदार स्वर बारीक मोकळ्या तारेवर येऊन बसतो.