कीबोर्डची कळ दाबली की वाजला आवाज! गॅदरिंग, नाटकासाठी कामाचं सॉफ्टवेअर

नाटकात थप्पड बसते आधी आणि आवाज येतो नंतर. मग लोक हसतात, गंभीर सीनचीही माती होते. गॅदरिंग असो, गणपतीतलं नाटक असो की जत्रेतला वग, साउंडवाला मोबाईलवर गाणी शोधत बसला की हे ठरलेलंच. त्यावर उपाय म्हणजे कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरून आवाज वाजवणारं सॉफ्टवेअर.

यात साउंडप्लांट हे जुनं आणि नावाजलेलं सॉफ्टवेअर आहे. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं, मोबाईलवर नाही. पडद्यावर कीबोर्डचं चित्र दिसतं. आवाजाची फाईल माऊसने ओढून त्यातल्या कळीवर सोडायची. ग वर गडगडाट, घ वर घोडा, झालं! अशा अनेक कळांवर आवाज लावता येतात. कळ परत दाबल्यावर आवाज पहिल्यापासून सुरू व्हावा, थांबावा की बोट उचलेपर्यंतच वाजावा, हे कळीगणिक ठरवता येतं. पाऊस एकसारखा चालू ठेवून वरून वीज कडाडवता येते.

आवाज आधीच कॉम्प्युटरच्या मेमरीत भरलेला असतो, म्हणून कळ दाबताच तो वाजतो. मात्र फाईलच्या सुरुवातीला शांतता असेल तर उशीर होणारच. ती ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कापून फाईल वेव्ह प्रकारात ठेवावी. एमपीथ्री फाईलमध्ये सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा राहू शकते.

सगळ्यात जास्त घोळ करतो तो ब्लूटूथ स्पीकर. त्यात आवाज पाव सेकंदापर्यंतही मागे पडू शकतो. गाण्याला ते चालून जातं, थप्पडेला नाही. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मिक्सरला सरळ वायर जोडा. इंटरनेट बंद करा, विंडोजचे टिंग-टिंग आवाजही बंद करा, नाहीतर शिवाजी महाराजांच्या दरबारात मेसेज आल्याचा आवाज घुमायचा. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर स्पीकर घरघरत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा.

साध्या कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या तर एखादी लागतच नाही. हा दोष सॉफ्टवेअरचा नाही, कीबोर्डचा. एकत्र लागणारे आवाज कोणत्या कळांवर नीट वाजतात ते तालमीतच तपासावं.

नाटकात आवाजांचा क्रम ठरलेला असेल तर मॅकवरचं क्यूलॅब बरं पडतं. त्यात स्पेसबार दाबत गेलं की पुढचा पुढचा आवाज येतो. पण टेनिस बॉल क्रिकेटमध्ये चौकार कधी बसेल, विकेट कधी पडेल, हे कोणाला ठाऊक? तिथे एका कळीला एक आवाज हीच पद्धत बरी.

साउंडप्लांट खासगी, बिगर-व्यावसायिक वापराला मोफत मिळतं. सुपारी घेऊन कार्यक्रम करणाऱ्यांनी परवाना विकत घ्यावा. कळांवर खडूने किंवा चिकटपट्टी लावून नावं लिहून ठेवा, विंगेतल्या अंधारात चुकीची कळ दाबली जाते. आणि आवाज वाजवणारा पोरगा तालमीला रोज हजर पाहिजे, आयत्या वेळी बसवलेला चालत नाही.