कुठल्या थेटरात आपली खुर्ची होती?

भिवंडीत आमच्या कारखान्यात लूमवर जौनपूरकडचा एक पोरगा आहे. परवा पाळी बदलताना त्याने विचारलं, भाऊ, तू कविता करतोस, मुंबईत नाटक-सिनेमाची बघण्यासारखी ठिकाणं कुठली ते सांग, सुट्टीला जातो. मी लगेच नावं फेकली. ऑपेरा हाऊस, एनसीपीए, जुहूचं पृथ्वी. नंतर बारा तास लूमच्या खडखडाटात उभा होतो आणि स्वतःचीच लाज वाटली. या तिन्ही जागी मी एकदाही खुर्चीवर बसलेलो नाही. नावं पेपरात वाचलेली. आणि आमच्या आबांनी परळ-लालबागला ज्या जागी जवानी काढली, त्यातल्या एकीचंही नाव तोंडात आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. शिक्षण दहावी, पुढचं सगळं वाचनालयात.

सुरुवात ग्रँट रोडपासून करावी लागते. १८४६ साली तिथे जगन्नाथ शंकरशेटांच्या जागेत थेटर उभं राहिलं. फोर्टातल्या साहेबाला ते लांब पडे, आणि आजूबाजूची वस्तीही त्याला पसंत नव्हती. साहेब येईना, म्हणून ते देशी लोकांना मिळालं. १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी मुंबईत येऊन तिथे मराठी नाटक केलं. पुढे त्या भागात एवढी नाटकघरं झाली की साहेबाच्या 'प्ले हाऊस'चं लोकांनी 'पिला हाऊस' करून टाकलं. शब्द कोणी केला त्याची नोंद नाही, पण तो बंगल्यात झालेला नाही एवढं ऐकूनच कळतं. शेजारी कामाठीपुरा, शेजारी गोलपिठा. नामदेव ढसाळांचं त्याच नावाचं पुस्तक १९७२ साली आलं तोवर मराठी साहित्याला ती वस्ती ठाऊक नव्हती, म्हणजे ठाऊक असून ठाऊक नव्हती.

सिनेमाचं तेच. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली, तिकीट एक रुपया. इतिहासात हॉटेलचं नाव मोठ्या अक्षरात छापतात. पण आठवडाभरात तोच खेळ नॉव्हेल्टी थेटरात लागला आणि तिथे तिकीट चार आण्यांपासून होतं. माझ्या हिशेबाने मुंबईचा प्रेक्षक त्या चार आण्याच्या रांगेत जन्माला आला. रुपया फेकणारा कुठेही जाऊन बसतो, त्यात काय इतिहास?

आता परळला येतो, कारण खरं बोलायचं ते तिथलं.

परळचं दामोदर हॉल. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं, १९२२ सालचं. गिरणी कामगाराला नाटक बघता यावं, स्वतः करता यावं, म्हणून. गावोगावच्या मंडळांनी तिथे वर्षाचं नाटक लावायचं, कोकणातल्यांनी नमन, दशावतार, शक्ती-तुरा करायचा. दिवसा साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून राजा व्हायचा आणि सकाळी भोंग्याला पुन्हा आत.

पण आपल्यासाठी हे नाटकघर म्हणजे नुसतं नाटकघर नाही. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी सभा बोलावली ती याच दामोदर हॉलमध्ये. त्यातून २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरीही इथेच. ज्या आवारात 'राजा' तलवार काढत होता त्याच आवारात आपली माणसं अर्ज घेऊन, गावाकडच्या जुलमाच्या हकिकती घेऊन बाबासाहेबांकडे येत होती. गिरणीत त्या वेळी काय होतं? अस्पृश्याला साचेखात्यात घेत नसत. धोट्यात कांडी भरताना सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे, आणि आपल्या तोंडचं सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपण त्रासनखात्यात, कमी पगारात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर टाकला. संपात एक, धोट्याला वेगळे! अशा मुंबईत एका हॉलमध्ये आपल्याला खुर्ची मिळाली, ही बारीक गोष्ट नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात दामोदरचा पडदा पडला. पाडून नवीन बांधायचं ठरलं. रंगकर्मी रस्त्यावर आले, ते बरं केलं. पण पेपरात मी जेवढं वाचलं त्यात नाटकाचा इतिहास होता, १९२४ चा नव्हता.

आता लालबागचं हनुमान थिएटर. हे लिहायचं की नाही यावर मी आठवडा घालवला.

ते तमाशाचं थेटर. मधुकर नेराळे यांच्या घरचं. पाळी सुटली की गिरणीवाला थेट तिथे. तमाशा कोणाचा? महार, मांग, कोल्हाट्यांचा. पठ्ठे बापूराव ब्राह्मणाच्या घरचे, त्यांचं नाव शाहीर म्हणून झालं. पण पवळा महाराची, तिच्याशिवाय तो फड उभाच राहिला नसता. पैसे फेकणारे मात्र सगळ्या जातींचे. म्हणूनच आंबेडकरी जलसेवाल्यांनी, भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी, गवळण आणि बाई नाचवणं काढून टाकलं आणि त्याच ढोलकीवर सभेचा विचार सांगितला. ते बरोबरच होतं. आपल्या बायका दुसऱ्याच्या करमणुकीला नाचणार नाहीत, हे कोणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं.

आबा तमाशाचे वेडे. आजी मात्र हनुमानचं नाव काढलं की तोंड फिरवायची. मला वाटायचं, पैसे उडवायचे म्हणून. गेल्या पावसाळ्यात आबा आजारी होते तेव्हा बोलले.

"माझी मावशी फडात व्हती रं. मी बदली कामगार, पगाराच्या दिवशी तिकीट काढून गेलो, तर समोर मावशी. मी मागच्या रांगेत. लोक शिट्ट्या मारत व्हते. मी मान खाली घालून बसलो. मग म्हनलं, हिच्यावानी गानारं कोन हाय? मान वर केली."

"भेटलात?"

"न्हाई."

छप्पन साली आमचं घर बौद्ध झालं. भिंतीवर बाबासाहेब आले, बुद्ध आले. मावशीचा फोटो कधीच नव्हता, पण त्यानंतर नावही राहिलं नाही. घराने जुनं सगळं टाकलं त्यात तीही टाकली. टाकायचं होतं ते तिला नाचवणारं, ती नव्हे. हे मी आजीला बोललो. ती म्हणाली, तुला काय कळतं, तुझी आई नव्हती नाचायला उभी. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर. आबांचं काम गेलं ते गेलंच. कामगाराच्या खिशात पैसा नाही तर थेटर कुठून चालणार? नव्वदीत हनुमानही बंद झालं.

एक सनावळीची गोष्ट मध्येच सांगून टाकतो. एनसीपीएची स्थापना १९६९ ची. त्याच साली अण्णा भाऊ साठे गेले, त्याच साली अमर शेख गेले. त्यांचा लाल बावटा कलापथक कामगार मैदानात, चाळीच्या चौकात, मिळेल त्या पटांगणात उभा राहायचा. त्याला छप्पर नव्हतं, म्हणून पाटी लावायला भिंतही नाही.

तर जौनपूरच्या पोराला मी नवीन यादी दिली. कल्याणहून धीमी गाडी पकड, परळला उतर, दामोदर कुठे होतं ते विचार. मग चालत लालबाग. संध्याकाळ उरली तर पिला हाऊस. तो म्हणाला, यातलं आत जाऊन बघण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, येतो बरोबर.

आबांना मावशीचं नाव विचारलं आहे. खरं नाव की फडातलं, तेच त्यांना आठवेना. गावाकडे पत्र टाकलं आहे, कळलं की पुढच्या अंकात देईन.