न दिसलेली भूमिका

नटीची भूमिका प्रेक्षक पाहतात. व्हिएन्नाच्या फोक्सथिएटरमधल्या डोरोथेआ नेफची सर्वांत अवघड भूमिका मात्र कुणीच पाहिली नाही. १९४१ साली तिची ज्यू मैत्रीण, वेशभूषाकार लिली वोल्फ हिला हद्दपारीचा हुकूम आला. सामान बांधायला घेतलं होतं. डोरोथेआनं तिला जाऊ दिलं नाही, आपल्याच घरात लपवलं. शिधा एकीचा, खाणाऱ्या दोघी. बाहेर रंगभूमीवर वावरायचं, घरी दारावरच्या प्रत्येक थापेला दचकायचं; हे १९४५पर्यंत चाललं.

१९६३मध्ये तिनं ब्रेख्तची 'मदर करेज' साकारली आणि व्हिएन्नातला ब्रेख्तवरचा बहिष्कार मोडला. १९६७मध्ये दृष्टी गेली, तरी ती काम करत राहिली. लिलीबद्दल मात्र वर्षानुवर्षं गप्पच होती. अखेर १९७९मध्ये इस्रायलच्या याद वाशेमनं तिच्या त्या भूमिकेला दाद दिली.