तीव्र आंदोलनाच्या फलनांचे समाकलन : त्रुटीचा अंदाज

संख्यात्मक समाकलन करणारे सॉफ्टवेअर उत्तराबरोबर त्यातील संभाव्य त्रुटीचाही आकडा देते. ती हमी नव्हे. खरे उत्तर प्रोग्रॅमलाही ठाऊक नसते. तो दोन नियमांनी काढलेल्या उत्तरांतला फरक पाहून अंदाज बांधतो. १९८३ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘क्वाडपॅक’ या फोर्ट्रान संग्रहातील ‘क्यूएजीएस’ हा प्रोग्रॅम १० बिंदूंचा गाउस-नियम आणि तेच बिंदू सामावून घेणारा २१ बिंदूंचा क्रॉनरॉड-नियम ताडून पाहतो. फरक मोठा निघाला की अंतराल दुभागतो. पायथनमधील सायपायचे ‘क्वाड’ याच संग्रहावर चालते.

सौम्य फलनांबाबत हा अंदाज बहुधा गरजेपेक्षा जास्त सावध असतो, कारण फरकातून दिसते ती कमकुवत नियमाची त्रुटी, आणि उत्तर म्हणून दिले जाते ते सरस नियमाचे. आंदोलन तीव्र झाले की पारडे फिरते. ० ते १ या अंतरालात ६४ आवर्तने पूर्ण करणारा कोसाइनचा वर्ग घ्या. त्याचे समाकल ½ आहे. समलंब नियमाने १, २, ४ असे दुप्पट करत ६४ भागांपर्यंत गेले, तरी प्रत्येक बिंदू शिखरावरच पडतो आणि दरवेळी उत्तर १ येते. फरक शून्य, म्हणून अंदाजही शून्य. प्रत्यक्ष त्रुटी ½. रॉम्बर्गचे बहिर्वेशनही इथे काही सुधारू शकत नाही. १२८ भाग केले की मात्र अचूक ½ मिळतो.

मर्यादित बिंदू तपासणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला फसवता येते: त्या बिंदूंवर शून्य असणारा उंचवटा फलनात मिळवला की झाले. विल्यम कहान यांनी एचपी-३४सी या कॅल्क्युलेटरसाठी चलबदल करून बिंदू असमान अंतरावर नेले ते याचसाठी. नियमित आवर्तनांशी सूर जुळण्याचा धोका त्यामुळे घटला, पण संपला नाही.

खरा उपाय म्हणजे आंदोलन वेगळे काढणे. फायलन यांनी १९२८ साली सौम्य घटकाच्या जागी परवलय घेऊन साइन-कोसाइनसह त्याचे समाकल नेमके काढले. मग तपासायची राहते ती फक्त सौम्य घटकाची जुळणी, आणि अंदाज पुन्हा भरवशाचा होतो. क्वाडपॅकमधील ‘क्यूएडब्ल्यूओ’ याच वाटेने जाते. मात्र वारंवारता वापरणाऱ्याने सांगावी लागते. ती जागोजागी बदलत असेल, तर डेव्हिड लेविन यांची १९८२ची पद्धत अधिक सोयीची.