स्टॉप मेकिंग सेन्स

‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन रॉक बँडच्या रंगमंचीय कार्यक्रमाचा चित्रपट (१९८४). दिग्दर्शक जोनाथन डेमी. छायाचित्रण जॉर्डन क्रोनेनवेथ. संकलन लिसा डे. लांबी सुमारे ८८ मिनिटे. ‘स्पीकिंग इन टंग्ज’ (१९८३) या अल्बमनंतरच्या दौऱ्यात, डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात त्याचे चित्रीकरण झाले. वेगवेगळ्या रात्रींचे प्रयोग संकलनात जोडून त्यातून एकच सलग कार्यक्रम उभा केला आहे.

रचना : मोकळ्या रंगमंचावर गायक डेव्हिड बर्न गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन एकटाच येतो. पुढे एकेका गाण्यागणिक टीना वेमथ (बेस गिटार), क्रिस फ्रांट्झ (ड्रम) आणि जेरी हॅरिसन (गिटार व कीबोर्ड) त्याला येऊन मिळतात. काळ्या वेषातले रंगमंच कामगार वाद्ये सर्वांसमक्ष आणून मांडतात. लिन मेब्री व एडना होल्ट या गायिका, तालवादक स्टीव्ह स्केल्स, गिटारवादक ॲलेक्स वीअर आणि कीबोर्डवादक बर्नी वॉरेल यांच्यासह सहाव्या गाण्यापर्यंत नऊ जणांचा ताफा पूर्ण होतो. गाण्याचा नाद थराथराने कसा भरत जातो, हे त्यामुळे कानांबरोबर डोळ्यांनाही कळते. उत्तरार्धात बर्न अंगाला न बसणारा, अवाढव्य खांद्यांचा सूट घालून येतो. ही कल्पना त्याला जपानी नो नाट्यातील पोशाखांवरून सुचली.

चित्रणशैली : कलावंतांच्या मुलाखती आणि पडद्यामागची दृश्ये या चित्रपटात नाहीत. प्रेक्षकही अखेरपर्यंत फारसे दिसत नाहीत. श्रोत्यांच्या जल्लोषाची दृश्ये पेरून उत्साह वाढवण्याची कॉन्सर्टपटांची रूढ पद्धत डेमीने टाळली. ‘वन्स इन अ लाइफटाइम’सारख्या गाण्यात कॅमेरा बर्नवर दीर्घकाळ स्थिरावतो. वादकांच्या आपसांतल्या नजरा, घामेजलेले चेहरे आणि नाचता नाचता जुळणारी पावले टिपायला त्यामुळे अवकाश मिळतो. ध्वनिमुद्रणासाठी त्या काळी नवे असलेले डिजिटल तंत्र वापरले गेले.

महत्त्व : १९९१ मध्ये बँड अधिकृतपणे विसर्जित झाला, तरी चित्रपटाचा प्रेक्षक आटला नाही. त्याची गोडी केवळ स्मरणरंजनाची नाही. शून्यातून मेळा जमत जाण्याची गोष्ट तो संवादाविना सांगतो. त्यामुळे बँडचे नावही न ऐकलेला प्रेक्षक पहिल्या गाण्यापासून त्यात गुंततो. २०२१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचा राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत समावेश केला. ‘ए२४’ या कंपनीने २०२३ मध्ये त्याची ४के स्वरूपातील नवी प्रत प्रदर्शित केली. त्या निमित्ताने टोरोंटो चित्रपट महोत्सवात बँडचे चारही सदस्य प्रेक्षकांसमोर एकत्र आले. स्पाइक ली दिग्दर्शित ‘अमेरिकन युटोपिया’ (२०२०) या चित्रपटात बर्नने रिकाम्या रंगमंचाची कल्पना पुढे नेली : तेथे वादक आपली वाद्ये अंगावर बाळगत, तारांच्या जंजाळाविना रंगमंचभर फिरतात.