कॉफीवरचा आरोप

मार्च १९८१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि कॉफी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. हार्वर्ड विद्यापीठातील ब्रायन मॅकमहॉन व त्यांचे सहकारी स्वादुपिंडाच्या कर्करोगाची कारणे शोधत होते. जठरामागे दडलेल्या या ग्रंथीचा कर्करोग बहुधा उशिरा कळतो आणि क्वचितच बरा होतो. म्हणूनच त्याचे टाळता येण्याजोगे कारण सापडणे मोलाचे होते.

त्यांनी या कर्करोगाचे ३६९ रुग्ण आणि तुलनेसाठी इतर आजारांचे ६४४ रुग्ण यांच्याकडे सवयींची चौकशी केली. दिवसाला तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचा धोका कॉफी न पिणाऱ्यांच्या २.७ पट दिसला.

मग चूक कुठे होती? तुलनेचे रुग्ण त्याच डॉक्टरांच्या देखरेखीखालील होते. स्वादुपिंडाचे रुग्ण पाहणारे डॉक्टर पुष्कळदा पचनसंस्थेचे तज्ज्ञ असतात. त्यांच्याकडे येणाऱ्या, पोटाच्या तक्रारी असलेल्या अनेकांनी कॉफी आधीच कमी केलेली असते. कधी आपणहून, कधी डॉक्टरांच्या सल्ल्याने.

याचा परिणाम आपण काल्पनिक आकडे घेऊन पाहू. समजा, १०० कर्करोगग्रस्तांपैकी ८० जण कॉफी पितात आणि इतर लोकांतही हेच प्रमाण आहे. पिणारे व न पिणारे यांचे गुणोत्तर दोन्हीकडे ४. म्हणजे कॉफीचा कर्करोगाशी संबंध नाही. आता तुलनेच्या गटातील २० जणांनी पोटदुखीमुळे कॉफी सोडली. तिथे ६० पिणारे व ४० न पिणारे राहिले, गुणोत्तर १.५ झाले. ४ ला १.५ ने भागले तर उत्तर येते सुमारे २.७. कॉफीने काहीही न करता धोका अडीचपटीहून अधिक 'वाढला'!

इतर अभ्यासांत असा ठळक संबंध आढळेना. १९८६ मध्ये याच गटाने नवी माहिती प्रसिद्ध केली आणि संबंध असलाच तर तो आधी वाटला तितका बळकट नाही, असे कळवले.

यावरून ही पद्धतच कुचकामी आहे, असे मात्र समजू नये. १९५० मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णांची अशीच तुलना करून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या पद्धतींनी तपासूनही तो टिकला. कॉफीचा आरोप या कसोटीला उतरला नाही. स्वादुपिंडाच्या कर्करोगाचेही एक सिद्ध झालेले कारण धूम्रपान हेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासंदर्भात कॉफीला 'कदाचित कर्करोगकारक' ठरवले होते. २०१६ मध्ये हजाराहून अधिक अभ्यास तपासून तिने हा शिक्का काढला. जठराच्या कर्करोगाबाबत मात्र निर्णय देण्याइतका पुरावा तिला आढळला नाही. त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे बहुधा कारण असावीत, असे तिने म्हटले. इथे प्रश्न उष्णतेचा आहे, कॉफीचा नाही.

अमुक पदार्थाने कर्करोग होतो, अशी बातमी विद्यार्थी वर्गात घेऊन आले, तर ती खरी की खोटी हे लगेच सांगण्याची घाई आपण करू नये. आजारी माणसांची तुलना कोणाशी केली आणि ती माणसे कुठून निवडली, हे त्यांनाच शोधायला सांगावे.