पौंड, डॉलर आणि एमजी रोडस्टर #धागा

१/ जुन्या ब्रिटिश मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातींची एक ठरावीक भाषा असते. ‘एमजीबी रोडस्टर. क्रोमचे बंपर. गंज नाही. कॅलिफोर्नियातून परत आणलेली. हेरिटेज प्रमाणपत्रासह.’ हौशी ग्राहकाला यात उघड्या छताची, दोन आसनांची, उत्तम निगा राखलेली मोटार दिसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र या प्रत्येक शब्दामागे युद्धोत्तर ब्रिटनच्या अर्थकारणाचे एकेक प्रकरण दिसते. आज ती प्रकरणे उलगडू या.

२/ प्रथम नाव. एमजी म्हणजे ‘मॉरिस गॅरेजेस’, विल्यम मॉरिस यांचा ऑक्सफर्डमधील मोटारविक्री व दुरुस्तीचा व्यवसाय. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० च्या दशकात मॉरिसच्या साध्या मोटारींचे भाग वापरून चपळ, देखण्या मोटारी बांधण्यास आरंभ केला. १९२९ मध्ये हा कारखाना जवळच्याच अ‍ॅबिंग्डन गावी गेला. सामान्य मोटारीचे भाग वापरून परवडणारी क्रीडामोटार बनवायची, हे किंबर यांचे सूत्र शेवटपर्यंत टिकले.

३/ स्वतः किंबर मात्र टिकले नाहीत. युद्धकाळातील एका कामावरून वरिष्ठांशी मतभेद झाले आणि १९४१ मध्ये त्यांना जावे लागले. फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातील रेल्वे अपघातात त्यांचा मृत्यू झाला. एमजीला जगभर नाव मिळाले ते यानंतर.

४/ १९४५ चा ब्रिटन विजयी होता, पण कर्जबाजारी. भारतासारख्या देशांचेही ‘स्टर्लिंग शिलकी’च्या रूपाने मोठे देणे थकले होते. अमेरिकेकडून १९४६ मध्ये ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. त्याचा शेवटचा हप्ता फिटायला २००६ चा डिसेंबर उजाडला! अन्न आणि कच्चा माल आणायचा तर डॉलर हवेत, आणि डॉलर हवेत तर अमेरिकेला काहीतरी विकले पाहिजे, असा हा पेच होता.

५/ येथे एक ओळखीचे नाव येते. १९४२ मध्ये योजना घेऊन दिल्लीला आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स आता व्यापारमंत्री होते. त्यांनी मोटार कारखानदारांना बजावले की, किमान निम्मे उत्पादन परदेशी गेले पाहिजे. पोलादाचा तुटवडा असल्याने जो निर्यात करील त्यालाच पोलाद, असे धोरण पुढे आले. ‘निर्यात करा, नाहीतर मरा’ ही त्या काळची घोषणा होती.

६/ अ‍ॅबिंग्डनने युद्धापूर्वीचाच आराखडा किंचित सुधारून १९४५ मध्ये एमजी टीसी आणली. ब्रिटनमध्ये तळ ठोकलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती मायदेशी नेली आणि तेथे लाट आली, ही कथा नेहमी सांगितली जाते. कथा निराधार नाही, पण आकडे सावध करतात. सुमारे १०,००० टीसींपैकी अमेरिकेला अधिकृतपणे गेल्या जेमतेम २,०००. शिवाय तिचे स्टिअरिंग उजवीकडेच होते. म्हणजे टीसीने बाजारपेठ काबीज केली नाही, तिने फक्त दार उघडले.

७/ त्या दारातून आत गेली ती पुढची मोटार. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले. जो पौंड ४.०३ डॉलरला होता, तो २.८० वर आला. निर्णय जाहीर करणारे अर्थमंत्री पुन्हा क्रिप्सच. (भारतानेही त्याच वेळी रुपयाचे तितकेच अवमूल्यन केले.) ब्रिटिश माल अमेरिकेत एकाएकी स्वस्त झाला आणि नेमकी त्याच सुमारास डावीकडे स्टिअरिंग असलेली एमजी टीडी तयार झाली. जवळजवळ ३०,००० टीडी बनल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेला गेल्या.

८/ १९५५ च्या एमजीएचे आकडे तर थक्क करणारे आहेत. १९६२ पर्यंत १,०१,०८१ मोटारी बनल्या. त्यांपैकी ब्रिटनमध्ये विकल्या गेल्या केवळ ५,८६९, म्हणजे शंभरात सहासुद्धा नाहीत. जिला आपण अस्सल ब्रिटिशपणाची खूण मानतो, ती मोटार मुख्यतः परक्या रस्त्यांसाठी जन्मली होती.

९/ आपल्याशी असलेले एक नातेही सांगितले पाहिजे. सुरुवातीच्या एमजीएचे १४८९ सीसीचे ‘बी-सीरिज’ इंजिन आणि आपल्या अँबॅसिडरच्या बोनेटखाली अनेक वर्षे धडधडणारे १४८९ सीसीचे इंजिन ही एकाच कुळातली. किंबर यांचे सूत्र ते हेच.

१०/ १९६२ मध्ये एमजीबी आली. वेगळ्या चॅसीऐवजी एकसंध बांधणी आणि बी-सीरिजचेच १७९८ सीसीचे इंजिन. बंद छताच्या जीटीसह पाच लाखांहून अधिक बनल्या. पण ग्राहक अमेरिकी असल्यावर कायदाही अमेरिकीच लागू होतो. तेथील सुरक्षा व प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १९७४ मध्ये क्रोमच्या जागी जाडजूड काळे रबरी बंपर आले, मोटारीची उंची सुमारे एक इंच वाढली आणि वळणावरचा तोल बिघडला. जाहिरातीत ‘क्रोमचे बंपर’ ठळकपणे येतात ते यामुळे. १९७४ पूर्वीची मोटार असल्याची ती खूण आहे.

११/ आणि मग पौंड उलटला. १९७६ च्या संकटात सुमारे १.६० डॉलरपर्यंत घसरलेला पौंड १९८० मध्ये २.४० च्या घरात गेला. चढे व्याजदर आणि उत्तर समुद्रातील तेल ही त्याची प्रमुख कारणे. साधा हिशेब करा. अमेरिकेत मिळालेल्या २,४०० डॉलरचे पूर्वी १,५०० पौंड होत, ते आता १,००० च झाले. मजुरी आणि पोलादाची किंमत मात्र पौंडातच चुकवायची होती.

१२/ सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डनने कारखान्याची पन्नाशी साजरी केली. उत्सव संपतो न संपतो तोच, १० सप्टेंबरच्या सोमवारी, कारखाना बंद करण्याचे जाहीर झाले. केवळ विनिमयदराला दोष देणे मात्र अपुरे ठरेल. मालक ब्रिटिश लेलँडने एमजीबीला अठरा वर्षांत वारसदार दिला नाही आणि पैसा ट्रायम्फ टीआर७ कडे वळवला. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. डॉलरसाठी वाढवलेला कारखाना अखेर डॉलरच्याच हिशेबात बुडाला.

१३/ ‘कॅलिफोर्नियातून परत’ याचा अर्थ आता उलगडतो. निर्यात झालेल्या मोटारी कोरड्या हवेत गंजल्या नाहीत. ब्रिटनच्या ओल्या, मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर मायदेशीच्या सडल्या. म्हणून नंतर उलटी आयात सुरू झाली. १९८८ पासून तर जुन्याच साच्यांवर एमजीबीचे नवे सांगाडेही पुन्हा बनू लागले.

१४/ ‘हेरिटेज प्रमाणपत्र’ मिळते कारण कारखान्याच्या नोंदवह्या जपल्या गेल्या. कोणती मोटार कोणत्या तारखेला, कोणत्या रंगात, कोणत्या देशासाठी बाहेर पडली, हे त्यांतून कळते. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना गेला आणि एमजीचे नाव आज चिनी कंपनीकडे आहे. तरीही वर दिलेला इतिहास आकड्यांनिशी सांगता येतो, तो अशा कागदांमुळे.

१५/ आपल्याकडील जुन्या वाहनांच्या बाबतीत अशा नोंदी किती उरल्या असतील? आजोबांच्या स्कूटरचे नोंदणीपुस्तक, अँबॅसिडरच्या खरेदीची पावती, गॅरेजवाल्याची बिले घरात असतील, तर रद्दीत घालू नका. त्यांचे छायाचित्र येथे जरूर जोडा. नाव-पत्ता तेवढा झाका.